मनाच्या दुखण्यावर मानेत इंजेक्शन

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला : आघातोत्तर ताणविकृती. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला पी.टी.एस.डी. म्हणतात. युद्ध, भूकंप, अपघात, दरोडा, बलात्कार अशा जिवावरच्या प्रसंगातून माणूस वाचतो. परंतु प्रसंग संपला तरी त्याच्यापुरता तो संपत नाही. सरांनी लक्षणांचे चार गट सांगितले. तो प्रसंग नको असताना पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, स्वप्नात येणे; त्याची आठवण करून देणारी माणसे, रस्ते, आवाज टाळणे; मन बधिर होणे व स्वतःलाच दोष देत राहणे; आणि शरीर सदा सावध असणे, म्हणजे झोप न लागणे, एवढ्यातेवढ्या आवाजाने दचकणे, क्षुल्लक कारणावरून भडकणे. हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले तर हा विकार असू शकतो. वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले, पण लिहिता लिहिता माझा हात थांबला, कारण चारही गट आमच्या घरात होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ट्रक चालवीत. मी आठवीत असताना पावसाळ्यात घाटात त्यांची गाडी कलंडली. आण्णांचा हात मोडला. शेजारी बसलेला क्लीनर, आमच्याच आळीतला एकवीस वर्षांचा मुलगा, जागीच गेला. हाताचे हाड यथावकाश जुळले, पण आण्णांनी स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. सध्या ते दुसऱ्याच्या शेतावर पाणी पाजायला जातात. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकच्या एअरब्रेकची हवा सुटली की जो फुस्स आवाज होतो, तेवढ्यावर ते भरल्या ताटावरून उठतात. गावात कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले घाबरट झाला. देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. या दुखण्याला पुस्तकात नाव आहे, हेच मला त्या तासापर्यंत ठाऊक नव्हते.

पुढे चर्चासत्रासाठी निबंध लिहायचा ठरला तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. वाचता वाचता एका उपचाराची माहिती मिळाली आणि मी चकित झाले. या विकारावर अमेरिकेतील काही डॉक्टर मानेत इंजेक्शन देतात! मनाचे दुखणे आणि मानेत सुई? प्रथम मला ती भोंदूगिरीच वाटली. मग मूळ इंग्रजी लेख काढले व शब्दकोश पुढ्यात ठेवून वाचले. एकेका पानाला एकेक संध्याकाळ लागली. त्यातून जे कळले ते येथे मांडते. शास्त्र शाखेच्या मित्रमैत्रिणींना यात काही ढोबळ वाटल्यास त्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या शरीरात मज्जातंतूंची एक अशी व्यवस्था आहे की जी आपल्याला न विचारता चालते. तिच्या एका भागाला मराठीत अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. नावात अनुकंपा असली तरी तिला दयामाया कसली ती ठाऊक नाही. संकट दिसताच ती हृदयाचे ठोके वाढवते, बाहुल्या विस्फारते, तळहात घामेजून टाकते, आणि लढ किंवा पळ असा हुकूम साऱ्या शरीराला देते. वाटेत फणा काढलेला साप दिसला की आपण विचार करण्याआधीच मागे उडी मारतो, ती हिच्यामुळे. साप गेला की हिने शांत व्हावे अशी योजना आहे. आघातोत्तर विकारात ती शांत होत नाही. साप केव्हाच गेला, पण अंग अजून उडी मारण्याच्या पवित्र्यातच आहे, अशी त्या माणसाची अवस्था असते.

या मज्जासंस्थेचे तंतू पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी साखळीसारखे खाली जातात. साखळीत जागोजाग मज्जापेशींचे गुच्छ आहेत. त्यांना गुच्छिका म्हणतात. मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीच्या मुळाजवळ, मानेची सर्वांत खालची गुच्छिका आणि छातीची पहिली गुच्छिका बहुतेक माणसांत एकमेकींना चिकटून एक झालेली असते. तिचे तंतू ताऱ्याच्या किरणांसारखे सर्व बाजूंना फुटतात, म्हणून तिचे नाव स्टेलेट गॅन्ग्लियन, आपण तिला तारकाकृती गुच्छिका म्हणू. डोके, मान, हात व काही अंशी हृदय यांच्याकडे जाणारे अनुकंपी हुकूम येथून पुढे जातात. वीजमंडळाच्या भाषेत हे एक सबस्टेशनच होय.

या गुच्छिकेभोवती भुलीचे औषध सोडून तिला काही तास बधिर करणे, याला स्टेलेट गॅन्ग्लियन ब्लॉक म्हणतात. हा प्रकार नवा नाही. सुमारे शंभर वर्षे डॉक्टर तो हाताच्या दुर्धर वेदनांसाठी व हाताचा रक्तपुरवठा सुधारण्यासाठी वापरीत आले आहेत, आणि आपल्या देशातही वेदनांवर उपचार करणारे भूलतज्ज्ञ तो देतात. म्हणजे औषध जुने, सुई जुनी. नवे आहे ते दुखणे.

हे दुखणे त्याला कसे जोडले गेले तेही पाहण्यासारखे आहे. शिकागोचे एक भूलतज्ज्ञ डॉ. यूजीन लिपोव हे ऋतुनिवृत्तीच्या वयात स्त्रियांच्या अंगातून ज्या गरम वाफा येतात त्यांच्यासाठी हे इंजेक्शन देऊन पाहत होते. २००८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच अनुभव प्रसिद्ध केला : लुटमारीला बळी पडलेल्या एका गृहस्थाला हे इंजेक्शन दिल्यावर त्याची आघातोत्तर लक्षणे झपाट्याने उतरली. वेदनेसाठी हा ब्लॉक दिलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत असेच काही घडल्याची नोंद १९९० सालीही झाली होती, परंतु तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. या वेळी मात्र गेले, कारण इराक व अफगाणिस्तानातून परतलेले हजारो अमेरिकन सैनिक याच विकाराने त्रस्त होते आणि लष्करी डॉक्टर मार्ग शोधीत होते.

सैनिकांचा येथे संबंध का यावा? कारण या विकाराचा इतिहासच मुळी त्यांचा आहे. अमेरिकन यादवी युद्धानंतर १८७१ साली डॉ. डा कोस्टा यांनी सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धात त्याला शेलशॉक हे नाव मिळाले, कारण तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते अशी समजूत होती. त्याच युद्धात रणांगण सोडणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली, नव्वद वर्षांनी, क्षमा केली. त्यांच्यातले किती भित्रे होते आणि किती आजारी, हे आता कोण सांगणार? पी.टी.एस.डी. हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात आले ते १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या हालअपेष्टा पाहून. ‘घाबरट झाला’ हे आमच्या गावचे निदान म्हणजे काही जगावेगळे नव्हते.

आता प्रत्यक्ष इंजेक्शन. रुग्णाला उताणे निजवतात. मानेच्या कातडीला भूल देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर आतील भाग पाहत मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर बारीक सुई आत सरकवतात. पडदा हवाच, कारण या दोन बोटांच्या जागेत मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आहेत, आवाजाचा मज्जातंतू आहे, आणि खाली फुप्फुसाचे टोकही फार दूर नाही. औषध चुकून धमनीत गेले तर झटके येऊ शकतात. म्हणून हे काम पटाईत हाताचे. जागा सापडली की सात ते दहा मिलिलिटर औषध सोडतात. बहुधा रोपिवाकेन, जे एरवी शस्त्रक्रियेच्या वेळी एखादा भाग बधिर करण्यासाठी वापरतात. सारा कार्यक्रम अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. सहसा उजवी बाजू निवडतात, कारण मेंदूच्या उजव्या भागाचा भयाशी अधिक निकटचा संबंध असावा असे मानले जाते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी मात्र देत नाहीत. दोन्हीकडचा आवाजाचा तंतू बधिर झाला तर श्वासाचीच अडचण व्हायची.

इंजेक्शन बरोबर बसले हे कसे ओळखावे? याची खूण मोठी मजेदार आहे. काही मिनिटांत त्या बाजूची पापणी अर्धवट खाली येते, बाहुली बारीक होते, डोळा लालसर होतो, आणि हात कोमट लागतो. १८६९ साली स्वित्झर्लंडचे नेत्रवैद्य होर्नर यांनी या लक्षणसमूहाचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. काहींचा आवाजही घोगरा होतो. काही तासांत औषध उतरते आणि सारे पूर्ववत होते.

आणि येथेच मला मोठे कोडे पडले. औषध तासांत उतरते, मग गुण आठवडे, महिने कसा टिकतो? यावर अद्याप एकमत नाही. एक मत असे की सततच्या भयाने मेंदूत नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनाचे प्रमाण चढते राहते. गुच्छिका काही तास गप्प झाली की ते चक्र तुटते, आणि मेंदूतील भयाचे केंद्र, ज्याला अमिग्डाला म्हणतात, ते थंडावते. इंग्रजी लेखांतून याला संगणक बंद करून पुन्हा चालू करण्याची उपमा दिलेली आढळते. मला ती पटली नाही. आमच्या स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ लागले की आई पाण्याचा एक शिपका मारते. दूध झटकन खाली बसते. पण चूल पेटलेलीच असते. त्या थोड्या अवधीत कोणी जाळ कमी केला तर ठीक, नाहीतर दूध पुन्हा वर येते. या इंजेक्शनाचे बरेचसे असेच असावे असे मला वाटते. काहींना ते पुन्हा घ्यावे लागते, आणि अनेक डॉक्टर इंजेक्शनाबरोबर मानसोपचारही चालू ठेवायला सांगतात, ते यामुळेच असेल.

गुण खरोखर येतो का, हा प्रश्न राहिलाच. २०१४ साली १६६ अमेरिकन सैनिकांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना लक्षणीय आराम पडला व तो तीन ते सहा महिन्यांच्या तपासणीतही टिकून होता. वाचताना मी हरखून गेले. निबंधात मोठ्या अक्षरांत लिहिलेही. सरांनी लाल शाईने एकच प्रश्न विचारला : ‘तुलना कोणाशी?’

प्रश्न बिनतोड होता. देवऋष्याचा अंगारा लावल्यावर आण्णांनाही चार दिवस झोप लागली होती. बरे वाटेल या आशेनेच माणसाला पुष्कळदा बरे वाटते. म्हणून खरी परीक्षा अशी : काहींना खरे औषध द्यायचे, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचे लुटुपुटीचे इंजेक्शन, आणि कोणाला काय दिले ते रुग्णांपासून लपवायचे. अशी पहिली परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली. ४२ जण होते. खऱ्या व लुटुपुटीच्या इंजेक्शनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. माझ्या निबंधातली मोठी अक्षरे तेथे एकदम लहान झाली.

दुसरी परीक्षा अधिक मोठी होती. तिचे निष्कर्ष २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. तीन अमेरिकन लष्करी रुग्णालयांत, एक हवाई बेटांवर, एक नॉर्थ कॅरोलायनात व एक जर्मनीत, ११३ सैनिक निवडले. ७४ जणांना दोन आठवड्यांच्या अंतराने दोन खरी इंजेक्शने, ३९ जणांना लुटुपुटीची. विकाराची तीव्रता ० ते ८० या मापनश्रेणीवर मोजली जाते. आठ आठवड्यांनी खऱ्या औषधाच्या गटाचे गुण सरासरीने १२.६ ने उतरले, तर मिठाच्या पाण्याच्या गटाचे ६.१ ने. म्हणजे दुपटीचा फरक. पण उलट बाजूने पाहा : नुसत्या पाण्यानेही सहा गुण उतरले! निम्मे काम आशेने, डॉक्टरांच्या लक्ष देण्याने आणि काळाने केले असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय ती पापणी. लक्षणे मोजणाऱ्यांना कोणाला काय दिले ते सांगितलेले नव्हते, हे योग्यच. पण रुग्णाचे काय? आरसा सर्वांच्या घरी असतो. ज्याची पापणी उतरली त्याला सहज कळावे की आपल्याला खरे औषध मिळाले, आणि ज्याची उतरली नाही त्याने मनातून खट्टू व्हावे. मग फरक औषधाचा किती आणि पापणीचा किती? मी हा प्रश्न सरांना विचारला तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, ‘हा निबंधात घाल.’ महाविद्यालयात आल्यापासून मला मिळालेले हे सर्वांत मोठे बक्षीस.

आज स्थिती अशी आहे की अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांनी २०२३ साली या विकारासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत या इंजेक्शनाच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले आहे. पहिली शिफारस आहे ती बोलण्याच्या उपचारांची. त्यांत प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने त्या प्रसंगाकडे थोडे थोडे पुन्हा जायचे, टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जायचे, आणि ‘माझ्यामुळेच झाले’ यासारखे विचार तपासून पाहायचे असते. सर्ट्रालिनसारख्या काही गोळ्यांचाही उपयोग होतो. दोन्ही परीक्षा लष्कराशी संबंधित लोकांवर, आणि बहुतांशी पुरुषांवर झालेल्या आहेत. ट्रकड्रायव्हरला किंवा घरात मार खाणाऱ्या बाईला त्या जशाच्या तशा लागू पडतील असे धरून चालता येणार नाही.

मग सैनिकांना या सुईचे एवढे आकर्षण का? मला याचे उत्तर आमच्याच घरात सापडले. मागच्या उन्हाळ्यात मी आण्णांना कसेबसे राजी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. दारावर ‘मानसोपचार विभाग’ अशी पाटी होती. आण्णांनी पाटी वाचली, बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहिले, आणि ‘मी काय येडा हाय व्हय?’ एवढे बोलून ते एस. टी. स्टँडकडे चालू लागले. जाण्यायेण्याचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी गेली. हात मोडला होता तेव्हा हेच आण्णा प्लास्टर मिरवीत गावभर हिंडले होते. इंजेक्शन घेणे म्हणजे हाडाच्या डॉक्टरकडे जाण्यासारखे आहे. त्याच्या खोलीवर ती पाटी नसते, आणि तेथे त्या पावसाळी रात्रीविषयी कोणी काही विचारत नाही. सैनिकालाही बहुधा हेच हवे असते. हा इंजेक्शनाचा गुण म्हणावा की दोष, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा हा निबंध आण्णांना मराठीत सांगितला. गुच्छिका कोठे असते ते त्यांच्या मानेवर बोट ठेवून दाखवले. दूध आणि पाण्याची उपमा त्यांना आवडली. भय हे अंगातही असते, त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, हे मी दोनदा सांगितले. त्यांनी एकच विचारले : ‘सुई दिल्यावर ते पोरगं दिसायचं बंद हुईल?’

मी सांगितले की नाही, आठवण पुसली जात नाही. फार तर ती आल्यावर छाती एवढी धडधडणार नाही.

‘मग चालंल,’ ते म्हणाले. ‘त्येला इसरून कसं चालंल?’

फराळाचे डबे रिकामे झाल्यावर आम्ही पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. या वेळी आण्णा बाकावर बसले. आत गेल्यावर डॉक्टरांना मी या इंजेक्शनाविषयी विचारले. त्यांनी त्याबद्दल वाचले होते. ‘आधी बोलणे, लागली तर गोळी, सुईचे नंतर पाहू,’ असे म्हणून त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले व दार लोटून घेतले. पाऊण तासाने आण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता, आणि त्यावर पुढच्या महिन्याची तारीख.